दोन टक्के

टक्केबाईंनी माझ्या हातावर पहिली चापट मारली तेव्हा मला डॉक्टर होऊन चार वर्षं झाली होती. जळीत वॉर्डातला माझा पहिलाच दिवस. एका बाईच्या पाठीवर, न टेकवता, मी माझा तळहात धरून मोजत होतो. एक, दोन, तीन. चौथ्याला चापट बसली.

"पेशंटचा तळहात, डॉक्टर. तुमचा नव्हे. तुमच्या या फावड्यात तिचे दीड टक्के मावतील."

माणसाचा स्वतःचा पंजा, बोटं मिटून धरली तर, त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का असतो. किती भाजलंय हे आम्ही त्यावरून ठरवतो, आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं. सलाइन किती, दिवस किती, नातेवाइकांशी कुठल्या आवाजात बोलायचं. टक्केबाई त्या वॉर्डात ड्रेसर होत्या. पट्ट्या सोडायच्या, जखमा धुवायच्या, मेलेली कातडी काढायची, परत पट्ट्या बांधायच्या, सव्वीस वर्षं हेच. पेशंट आला की त्याचा पंजा जुन्या एक्स-रे फिल्मवर ठेवून त्या कडेने रेघ मारायच्या, शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याच्या कात्रीने तो आकार कापायच्या आणि त्या मापाने अंग मोजायच्या. पाऊण टक्का हा शब्द मी आयुष्यात फक्त त्यांच्या तोंडून ऐकला.

नाव पडलं ते यामुळे. नवीन माणसाला वाटायचं बाई टक्केवारी खातात. इमारतीची डागडुजी करायला आलेल्या एका ठेकेदाराने त्यांना अदबीने बाजूला घेऊन विचारलंही होतं, "आपले किती असतात?" बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही अजून भाजला नाहीत. भाजलात की सांगते."

त्यांच्या आकड्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एका कारखान्याचा सुपरवायझर बॉयलरवरच्या कामगाराचे अठ्ठावीस टक्के वीसवर आणायला आला, आधी गोड बोलला, मग टेबलावर मुठी आपटल्या, मग बाईंचा दंड धरला. बाईंनी हातातला चिमटा त्याच्या मनगटावर असा हाणला की तो खाली बसला. "अठ्ठावीस," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आमच्या वॉर्डात बरं करणं म्हणजे आधी ओरबाडणं. ड्रेसिंगच्या खोलीत स्टीलचा लांबट टब होता, त्यात माणसाला झोपवायचं, कोमट पाणी सोडायचं आणि मेलेलं सगळं घासून काढायचं. गुंगीचं औषध देऊनही माणसं किंचाळत. चावत, लाथा झाडत, आमच्या आईबहिणींचा उद्धार करत. बाई उलट शिव्या देत, त्याही अस्सल. शिव्या देणारा माणूस जिवंत राहतो, असं त्यांचं म्हणणं. गप्प पडून राहणाऱ्यांची त्यांना धास्ती वाटे, आणि गरोदर बायका बहुतेक गप्प असत. ओरडलं की पोटाला ताण बसेल, असं त्यांना वाटायचं.

गरोदर बायका आमच्याकडे बऱ्याच येत. बाहेरच्या जगाला याचं आश्चर्य वाटतं. मला आता वाटत नाही. बाई पोटुशी असली की ती लवकर पळू शकत नाही, एवढं ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. दारावरचं वाक्य मात्र ठरलेलं, भडका उडाला. कुणी उडवला हे त्या वाक्यात कधीच नसतं.

ती आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तेवीस वर्षांची, आठवा महिना, अंगावर नायलॉनच्या गाऊनच्या चिंध्या, आणि थिनरचा वास इतका की स्ट्रेचर ओढणारा माणूस खोकायला लागला. नवरा मागून धावत होता. फर्निचरला पॉलिश करण्याचा त्याचा धंदा होता, घरातच. "डबा सांडला, भडका उडाला," तो रडत सांगत होता. पोलिसाने दारातच जबाब घेतला, नवरा शेजारी उभा होता. पोलिसाने विचारलं, सांडला का, ती म्हणाली, सांडला. झालं.

भाजल्याचा फॉर्म भरणं माझं काम. त्यावर माणसाची आकृती छापलेली असते, पुढून आणि मागून. भाजलेला भाग लाल पेन्सिलने रंगवायचा आणि कोष्टकातले टक्के मिळवायचे. पोट नऊ, छाती पाच, अशी बेरीज करत मी तेहतीस लिहिले. बाईंनी फॉर्म पाहिला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"डॉक्टर, या चित्रातल्या माणसाला कितवा महिना आहे?"

मला आधी कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली. चित्रातला माणूस सपाट पोटाचा होता. माझ्यासमोर जे पोट होतं ते त्याच्या दीडपट होतं आणि मी त्याला नऊ टक्क्यांत बसवलं होतं. कुशी तर मी धरल्याच नव्हत्या. सलाइन त्या आकड्यावर चाललं होतं, म्हणजे एका बाईला आणि तिच्या पोटातल्या जिवाला मी तहानेने मारत होतो, आणि तेही व्यवस्थित बेरीज करून.

बाईंनी तिचा पंजा फिल्मवर ठेवायला घेतला तेव्हा ती पहिल्यांदा कळवळली. पंजे मागून कोळसा झाले होते, नखांपर्यंत. आतून मात्र तळहात स्वच्छ होते. बाईंनी माप कापलं आणि पोटावर धरून मोजायला लागल्या. मध्येच थांबल्या.

"इकडे या," त्या मला म्हणाल्या.

काळ्या-लाल पोटावर दोन न भाजलेल्या जागा होत्या. एक बेंबीच्या वर, एक खाली. बाईंनी फिल्म त्यातल्या एकीवर धरली. बोटाला बोट लागलं. दुसरीवर धरली. तीही लागली.

तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते. पेटल्यानंतरही काढले नव्हते. सांडलेला डबा आवरणारी बाई वाकते, झटकते, दाराकडे धावते, हात हवेत असतात. ही सरळ उभी होती, पुढे काय होणार ते पाहत. आम्हा दोघांना ते त्याच क्षणी कळलं. ती आमच्याकडे बघत होती, म्हणून बाई पुन्हा मोजायला लागल्या.

पोट चौदा, कुशी तीन. एक्केचाळीस. त्या दोन जागा कोऱ्या सोडून मी नव्या फॉर्मवर आकृती पुन्हा रंगवली आणि दोन वजा केले. एकोणचाळीस.

आता इथे आमच्याकडचा नियम सांगायला हवा. आठव्या महिन्यापासून पुढची बाई चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त भाजली असेल तर मूल ताबडतोब बाहेर काढायचं. कमी असेल तर सलाइन देत वाट बघायची. बाळाचे ठोके एकशे सत्तरवर चालले होते. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. "एकोणचाळीस," मी म्हणालो.

"मग थांबू. संध्याकाळी येऊन बघते."

बाईंनी माझ्या हातातून फोन हिसकावला. अक्षरशः हिसकावला, माझ्या कानाला ओरखडा उठला. "एक्केचाळीस आहेत, डॉक्टर. साहेबांनी घाईत दोन सोडले. मी मोजलेत." टक्केबाईंनी मोजले म्हटल्यावर कोण काय बोलणार? "टेबल तयार करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी फोन ठेवला. त्यांच्या ओठांवर घामाचे थेंब होते. "ही लेकरं दोन दिवस पोटात तग धरतात आणि तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता जातात. मी अशी सात गुंडाळलीत. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही मला." मग फॉर्मकडे बोट केलं. "तिथे आता एक्केचाळीसच दिसायला हवेत. नाहीतर शस्त्रक्रियेच्या दारात अडवतील."

लाल पेन्सिल मी उचलली. आकृतीच्या पोटावर ते दोन पंजे मी कोरे सोडले होते. ते माझ्या हाताने रंगवले. अर्धं मिनिटही लागलं नाही.

भाजलेल्या पोटावर सुरी चालवताना कसं वाटतं हे मी लिहिणार नाही, एवढंच सांगतो की कातडी कापताना कुरकुरते. मुलगी झाली. दीड किलो. बाहेर आल्यावर तिने असा टाहो फोडला की डॉक्टरीणबाई हसल्या. बाई काचेबाहेर उभ्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

तिसऱ्या दिवशी आई टबात बोलली. बाई एकट्याच खांद्यावरची पट्टी सोडत होत्या, मला त्यांनी नंतर सांगितलं.

"मावशी, डबा त्याने फेकला. मी म्हटलं, टेबलं घासून माझ्या छातीत भुसा बसतोय, बाळ होईपर्यंत दुसरं माणूस ठेव. तर फेकला. मी पुढून सगळी भिजले. मग तो काडीपेटी शोधायला लागला. सापडेना. खिसे बघितले, फळी बघितली, गादी उचलून बघितली. दाराला कडी, आणि तो दारापुढेच."

"तू ओरडलीस नाहीस?"

"मला वाटलं सापडणार नाही. मला वाटलं, शोधून कंटाळेल. मी हात पोटावर धरून उभी राहिले."

एवढं बोलून ती दमली. चौथ्या दिवशी सकाळी श्वास लागला म्हणून घशात नळी घातली. पोलीस दुपारी आला. बाईंनी त्याला तासभर सगळं सांगितलं, पण खुद्द तिचा आवाज नळीने बंद केला होता, आणि पोटावरचे ठसे आमच्याच सुरीने आणि घासणीने केव्हाच गेले होते.

बाईंनी पोलिसांना सांगितल्याची बातमी नवऱ्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. तो आला तो थेट ड्रेसिंगच्या खोलीत. मी दारात होतो. त्याने मला एका हाताने बाजूला भिरकावलं, बाईंचा अंबाडा धरला आणि त्यांचं तोंड टबाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. "माझ्या घरात काय झालं ते तू सांगणार? माझं पोर आण आधी!" स्टील घुमत होतं. बाईंनी हाताला लागलेला जंतुनाशकाचा मग त्याच्या डोळ्यांत उपडा केला आणि तो गुरासारखा ओरडत जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा कुठे मी उठून त्याच्या पाठीवर बसलो. बाईंनी रक्ताबरोबर दोन दात थुंकले. मग वाकून ते उचलले, ट्रेमध्ये ठेवले आणि मला म्हणाल्या, "दाबून धरा. फार हलके बसलाय तुम्ही." त्यांना हसताही येत नव्हतं, तरी बोलल्या.

नवव्या दिवशी ती गेली. मुलगी पेटीत वाढत होती. दीड महिन्याने आजी, म्हणजे मेलेलीची आई, तिला घेऊन गेली. नवरा तुरुंगात होता. तो सुटला तर पोरीवर हक्क त्याचाच. त्यामुळे सगळं खटल्यावर होतं, आणि खटला, असं वकिलांनी सांगितलं, त्या दोन ठशांवर.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. तोवर मी वॉर्ड सोडून माझं स्वतःचं हॉस्पिटल काढलं होतं. बाहेर पाटी, आत झाडांच्या कुंड्या. साक्षीच्या आदल्या दिवशी बाई भेटायला आल्या. पुढचे दात खोटे, त्यामुळे बोलताना थोडी शीळ वाजायची. "मी सांगितलंय कोर्टात," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीसचे एक्केचाळीस मी केले, खोटं बोलले, ठसे होते. म्हटलं, डॉक्टरांना विचारा, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत." एवढं सांगून त्या उठल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या वकिलाने फॉर्म माझ्यापुढे धरला.

"हे रंगवणं तुमचं?"

"हो."

"यात पोटावर न भाजलेली जागा कुठे दिसते?"

"दिसत नाही."

"पंजाचे ठसे असते तर तुम्ही कोरे सोडले असते ना?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, पुढे झुकून. मी फक्त 'सोडले होते, मग रंगवले' असं म्हणायचं होतं. सहा शब्दही नाहीत. पण सरकारी कागद बदलला, हे मी बोललो असतो तर माझी पाटी उतरली असती. मी कच खाल्ली. शेपूट घातलं म्हणा, त्याहून बरा शब्द मला सापडलेला नाही.

"कागदावर आहे तेच मी पाहिलं," मी म्हणालो.

नवरा सुटला. निकालात लिहिलं होतं की एकमेव साक्षीदार स्वतःच खोटं बोलल्याचं कबूल करते, सबब तिच्यावर विसंबता येत नाही. बाईंना नोकरीच्या शेवटच्या वर्षी घरी बसवलं. त्यांनी सव्वीस वर्षांत आणि नंतरच्या चारात मोजलेला एकेक टक्का लोक संशयाने बघू लागले. महिन्याभरात बापाने आजीच्या घरून मुलगी नेली.

मला वाटलं आता बाई येतील आणि माझ्या तोंडात भडकावतील. मी वाट बघत होतो, खरं सांगतो, आणि त्या आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आला तो फोन. "पोरीला बघितलं. ठीक आहे." मी "बरं" म्हणालो. फोन बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्यांनी मुलीची शाळा शोधून काढली होती आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या फाटकासमोर उभ्या राहायच्या. तीन वर्षं, न चुकता. बघितली, ठीक आहे. बरं. या तीन वर्षांत मी होऊन एकदाही फोन केला नाही.

गेल्या सोमवारी वाक्य बदललं.

"डॉक्टर, या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय पोरीने. या."

मी पेशंट तपासत होतो. तसाच उठलो.

शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापिकेने मुलीला आणलं. सात वर्षांची, बारकी, बोटांची टोकं खरवडलेली. टेबलं घासायला आता ती होती. बाईंनी तिच्यापुढे मांडी घातली, शाळेबद्दल काहीतरी गंमत केली, ती हसली, आणि बाहीचं बटण सुटलं. कोपरापासून मनगटापर्यंत एका रांगेत पाच गोल डाग. फर्निचरची भोकं बुजवायला लाख वितळवतात, तिचे थेंब. कडा एकसारख्या, अंतर एकसारखं. सांडलेले नव्हते.

"कशाने झालं?" मी विचारलं.

"सांडलं," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिचा तळहात हळूच दुमडून डागांच्या वर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अर्धा टक्का. लिहा."

मी लिहिलं. अर्धा टक्का, पाच डाग, गरम लाख, अपघात नव्हे. मुख्याध्यापिका पोलिसांना फोन लावत होत्या. मग मी दुसरा कागद मागून घेतला. त्यावर सात वर्षांपूर्वीच्या त्या दिवसापासून सुरुवात केली. पोटावर दोन्ही तळहातांचे न भाजलेले ठसे होते. ते फॉर्मवर कोरे सोडले होते. शस्त्रक्रिया लवकर व्हावी म्हणून आम्ही ते नंतर रंगवले. कोर्टात मी खोटं सांगितलं. अक्षर वाकडं आलं. खाली सही करायच्या आधी मी कागद बाईंपुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथे 'आम्ही' लिहिलंय. आकडा मी बदलला, तो मी सांगितलाय. पेन्सिल कुणाच्या हातात होती?"

मी 'आम्ही' खोडलं, वर 'मी' लिहिलं, आणि सही केली.